कॉम्प्युटरकडून भजन म्हणवून घेताना

आपल्याकडची पोरं आता घरीच गाणी बनवून रायली, गायक भेटत नाही म्हणून व्होकलॉइड, सिंथेसायझर व्ही नाहीतर फुकटातलं ओपनयुटाऊ, म्हणजे शब्द अन् सूर टाकले का गाऊन देणारं सॉफ्टवेअर, घेतात अन् आवाज निघाला का लगेच त्याच्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवतात. भाऊ, रिव्हर्बनं मशीन लपत नाही. आधी शब्द, मंग श्वास, मंग सूर, अन् इफेक्ट सगळ्यात शेवटी.

खरं काम शब्दातच आहे. जपानी व्हॉइसबँकेत, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार गायक-आवाजात, स्वर पाचच, आपला ऱ्हस्व 'अ' त्यात नाही, म्हणून 'मन' लिहिलं तरी 'मान' ऐकू येते अन् भजनाचा अर्थच जाते. सिंथेसायझर व्हीत इंग्रजी आवाज असेल तर तिथं 'ए-एक्स' (ax) हा फोनीम, म्हणजे उच्चाराचा कोड, हातानं टाका, बराच फरक पडते. 'ळ' साठी मले तरी इंग्रजी 'ल' पेक्षा जपानी 'र' जवळचा वाटते, कारण त्यात जीभ एकदाच टेकते. अन् ठेका पाहा, खंजिरीची थाप पडते तिथं स्वर यायले पाहिजे, व्यंजन त्याच्या जरासं आधी. सॉफ्टवेअर हे बरंचसं आपोआप करते, पण 'स', 'श' सारखी लांब व्यंजनं मागच्या सुराले खाऊन टाकतात, तिथं त्यांची लांबी कमी करा.

श्वास कुठं टाकायचा हे स्क्रीनवर पाहून समजत नाही, ओळ स्वतः मोठ्यानं म्हणा, जिथं दम संपते तिथली नोट आखूड करा अन् श्वासाचा आवाज टाका, पण हळू.

व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं थरथरणं, सगळीकडे लावू नका, माणसाचा साधारण सेकंदाले 5 ते 7 वेळा हलते अन् तोही सूर थोडा ठरल्यावर, म्हणून लांब सुराच्या मागच्या भागातच ठेवा. भुलाबाईच्या गाण्याले तर नकोच, पोरी सरळ मोकळ्या गळ्यानं म्हणतात. तिथं समूह पाहिजे, अन् एकच ट्रॅक तीनदा कॉपी केल्यानं आवाज फक्त मोठा होते, पोरी वाढत नाहीत. दरवेळी वेगळा आवाज घ्या, 10-30 मिलिसेकंद मागेपुढे करा, सूरही किंचित हलवा.

मिक्समध्ये 80-100 हर्ट्झच्या खालचं कापा, 'स' टोचत असेल तर डी-एसर, म्हणजे 'स' ची धार कमी करणारा इफेक्ट, लावा. गाणं मंडपातल्या भोंग्यावर वाजणार असेल तर रिव्हर्ब अर्धाच ठेवा, तिथला घुमारा वरून लागतेच.