अनुभवाला साजेशी वेगवान कॅनोपी कशी निवडावी: माळव्यातल्या स्कायडायव्हरसाठी

इंदूरहून उज्जैनजवळच्या दताना हवाईपट्टीवर तासाभरात पोचता येतं. मध्य प्रदेश पर्यटनाच्या स्कायडायव्हिंग महोत्सवामुळे हे नाव आता घरोघरी माहीत झालंय. तिथे टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून मारलेली) मारून आलेल्यांपैकी काही जण पुढे थायलंड, स्पेन किंवा दुबईला जाऊन लायसन्स घेतात, आणि शंभरेक उड्या झाल्या की स्वतःची कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं मुख्य छत्र, शोधू लागतात. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी रंग, मग मॉडेल, शेवटी साइझ. खरं तर आधी हिशोब, मग हाताची तयारी, मग कॅनोपीचा प्रकार, आणि रंग जो मिळेल तो.

पहिलं काम: खरं वजन

कॅनोपीचा वेग मुख्यतः विंग लोडिंगवर ठरतो. विमानातून बाहेर पडतानाचं एकूण वजन पौंडांत घ्यायचं आणि त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचं. एकूण वजन म्हणजे सगळं अंगावर चढवल्यावरचं: रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच), हेल्मेट, जंपसूट, बूट, वेट बेल्ट वापरत असाल तर तोही. घरच्या काट्यावर उघडं वजन करून त्यात अंदाजानं काहीतरी मिळवू नका. सगळं घालून काट्यावर उभे राहा. साधारण ११ ते १४ किलो वाढतात.

उदाहरणार्थ, ७२ किलोचा माणूस आणि १२ किलोचं सामान मिळून ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड. १९० च्या, म्हणजे १९० चौरस फुटांच्या, कॅनोपीवर लोडिंग ०.९७ येतं, १७० वर १.०९, १५० वर १.२३ आणि १३५ वर १.३७. दिवाळीत तीन किलो वाढले तर १७० वरचा आकडा १.१३ होतो, तेव्हा दर मोसमाला नव्यानं वजन करा.

प्रशिक्षक मंडळींत एक ढोबळ हिशोब चालतो. पहिल्या शंभर उड्यांपर्यंत लोडिंग १.० च्या आत ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येक शंभराला जास्तीत जास्त ०.१ वाढवायचं. दीडशे उड्यांना १.१, अडीचशेला १.२. ही कमाल मर्यादा आहे, तिथवर पोचलंच पाहिजे असं नाही.

हलक्या अंगाच्यांनी मात्र हा आकडा डोळे झाकून घेऊ नये. सामानासकट ६३ किलो म्हणजे १३९ पौंड भरणाऱ्या मुलीला १३५ च्या कॅनोपीवर लोडिंग १.०३ च येईल. कागदावर ते सौम्य दिसतं. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे टॉगल (वळवायची आणि ब्रेकची मूठ) ओढल्याबरोबर ती वळते आणि त्याच लोडिंगच्या मोठ्या कॅनोपीपेक्षा चटकन नाक खाली घालते. १५० च्या खाली उतरताना लोडिंगचा आकडा कितीही सभ्य असला तरी हातचं राखून चाला.

माळव्याच्या हवेची वजावट

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि समुद्रकाठी शिकलेल्याला नेमकी तीच नडते. दताना समुद्रसपाटीपासून साधारण ४९० मीटर, म्हणजे १,६०० फुटांवर आहे, इंदूर त्याहून थोडं उंच. उंची आणि उष्णता दोन्हींनी हवा विरळ होते, आणि विरळ हवेत तेवढंच वजन पेलायला कॅनोपीला जास्त वेगानं उडावं लागतं.

मे महिन्यातली दुपार, ३८ अंश. अशा वेळी दतानाची हवा सुमारे ५,००० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. कॅनोपीचा वेग समुद्रसपाटीच्या १५ अंशांतल्या वेगापेक्षा सात-आठ टक्के वाढतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे आठ टक्के वेगाची किंमत लोडिंगमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास बसते. वरच्या उदाहरणातली १.०९ ची १७० तिथे १.२५ सारखी वागते. स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाच्या समुद्रकाठी वसंतातल्या गार हवेत १५० जशी येते, तशी तुमची १७० दतानाला उन्हाळी दुपारी येणार. जानेवारीत सकाळी १२ अंश असताना हीच वाढ फक्त अडीच टक्के असते, आणि इकडच्या उड्या हिवाळ्यात होतात ते बरंच आहे.

बडोद्याच्या वाचकांना उंचीची वजावट जवळजवळ नाही, तिथे फक्त उष्णता धरा.

साधा नियम असा: उतरण्याच्या जागेच्या दर २,००० फुटांमागे कमाल लोडिंगमधून ०.१ वजा करा आणि कडक उन्हाळा असेल तर आणखी ०.१. शिवाय गहू निघाल्यावर उघडी पडलेली काळी शेतं दुपारी तापतात आणि वावटळी उठतात. वावटळीत सापडलेली कॅनोपी जमिनीजवळ मिटू शकते, मग ती १९० असो वा १२०. अकरानंतर धुळीचे भोवरे दिसू लागले की रिग बाजूला ठेवून द्या.

उड्यांचा आकडा कसा मोजायचा

अमेरिकेतला दीडशे उड्यांचा माणूस बहुधा दर शनिवार-रविवारी उडतो. इंदूरचा दीडशे उड्यांचा माणूस वर्षातून एकदा तीन आठवड्यांच्या रजेत साठ उड्या मारतो आणि मग दहा महिने ऑफिसात बसतो. आकडा एकच असला तरी हात सारखे नसतात. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या (यूएसपीए) शिफारशीनुसार अ (पहिल्या पायरीच्या) लायसन्सवाल्याला ६० दिवसांचा आणि ब (त्यापुढच्या) लायसन्सवाल्याला ९० दिवसांचा खंड पडला तर पुन्हा देखरेखीखाली उडावं लागतं. कॅनोपीच्या बाबतीत आमचा सल्ला याहून कडक आहे. सहा महिन्यांहून मोठा खंड पडला असेल तर पहिल्या पाच-सहा उड्या ड्रॉपझोनकडून (उड्यांच्या केंद्राकडून) एक साइझ मोठी कॅनोपी भाड्यानं घेऊन मारा. डाउनसाइझ, म्हणजे लहान कॅनोपीवर जाणं, मोसमाच्या मध्यावर करा. रजेच्या पहिल्या दिवशी नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत तर मुळीच नाही, कारण नव्या कॅनोपीवर चार उड्या मारून घरी आलात तर पुढच्या वर्षी ती पुन्हा नवीच असणार.

सध्याच्या कॅनोपीवरची परीक्षा

लहान कॅनोपी घ्यायची की नाही, हे आहे त्या कॅनोपीवर ठरतं. खालचं सगळं एकदा जमून गेलं एवढ्यानं भागत नाही, ठरवून करता आलं पाहिजे. हवेतला सराव ३,००० फुटांच्या वर करा आणि आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी पाहा.

सपाट वळण सगळ्यात आधी. दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणा, मग एक थोडा वर सोडा आणि दुसरा थोडा ओढा. कॅनोपी ९० अंशांत वळली पाहिजे, पण नाक खाली जाता कामा नये. मग तेच वळण एक टॉगल पूर्ण ओढून घ्या आणि दोन्ही वेळी किती फूट गेले ते अल्टिमीटरवर बघा. फरक पाहून दचकायला होतं. जमिनीपासून ५० फुटांवर अचानक तार किंवा माणूस आडवा आला की हेच वळण वाचवतं. घाबरलेला हात मात्र टॉगल एका बाजूनं खाली खेचतो, कॅनोपी सूर मारते आणि माणूस तिच्याआधी जमिनीला लागतो. उत्तम उघडलेल्या, धडधाकट कॅनोपीखाली माणसं जखमी होतात ती बहुतेक अशीच.

त्यानंतर फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) करता करता ४५ अंश वळता येतं का ते पाहा. आडव्या वाऱ्यात उतरता येतं का? मंद वाऱ्यात, वाऱ्याच्याच दिशेनं, धावत किंवा लोळण घेऊन सुखरूप उतरता येतं का? हे शेवटचं न जमणारा माणूस चुकीच्या दिशेला सापडला की शेवटच्या क्षणी वाऱ्याकडे वळायला जातो आणि मांडीचं हाड मोडून घेतो. वारा पूर्ण पडलेला असताना उभ्यानं उतरणं, ठरवलेल्या जागेच्या १० मीटरच्या आत सातत्यानं उतरणं, किंचित चढावर आणि उतारावर उतरणं, हेही यात आलंच.

मागच्या रायझरनी (दोऱ्यांना खांद्याशी जोडणारे पट्टे) फ्लेअर करायची सवय वरच करा. ब्रेक लाइन, म्हणजे टॉगलची दोरी, तुटली तर तेवढंच हातात उरतं, आणि लहान कॅनोपी मागच्या रायझरवर पूर्वसूचना न देता स्टॉल होते, म्हणजे उडणं सोडून कोसळते. स्टॉल कुठे सुरू होतो ते प्रत्येक कॅनोपीवर हातानं माहीत करून घ्यायला हवं.

शेवटी पुढचे दोन्ही रायझर ओढून तीन मोजा आणि सोडा. कॅनोपी आपोआप सपाट होईपर्यंत किती उंची गेली ते लिहून ठेवा. तिला रिकव्हरी आर्क म्हणतात. पुढची कॅनोपी निवडताना या आकड्याची तुलना करायची आहे.

यातल्या दोन गोष्टींवर जरी अडलात तरी खरेदी पुढे ढकला आणि ते पैसे कॅनोपी कोर्सवर घाला.

कोणत्या घराण्यातली

सात कप्प्यांच्या कॅनोपी, जसं परफॉर्मन्स डिझाइन्सची स्पेक्टर, संथ आणि भरवशानं उघडतात, पण त्या तरंगत कमी लांब जातात. नऊ कप्प्यांच्या, टोकांकडे किंचित निमुळत्या सेबर ३, सफायर ३ आणि पायलट या मधल्या पायरीवरच्या. शंभर ते पाचशे उड्यांच्या माणसाला वेगवान वाटावं एवढं सगळं यांत मिळतं, आणि बहुतेकांना यापुढे जायची गरज नसते, हे आमचं स्पष्ट मत.

पुढे पूर्ण लंबगोल पंखांच्या येतात. स्टिलेटो वळणाला फार संवेदनशील आहे पण लवकर सावरते. कटाना आणि क्रॉसफायर ३ लांब सूर मारतात आणि उशिरा सावरतात. लांब रिकव्हरी आर्कचा स्वूप (सूर मारून वेगानं जमिनीलगत सरकत उतरणं) करणाऱ्याला फायदा असतो, कारण सूर कुठे संपवायचा हे ठरवायला त्याला वेळ मिळतो. स्वूप न करणाऱ्याला त्याच आर्कमुळे चुकून कमी उंचीवर घेतलेलं वळण भोवतं, कारण कॅनोपी सावरेपर्यंत जमीन येते. लंबगोल कॅनोपीच्या दोऱ्यांना उघडताना पीळ बसला तर ती गिरक्या घेत वेगानं खाली येते, म्हणून उघडताना खांदे आणि कंबर सरळ ठेवायची सवय आधी हवी. पीळ सुटत नसेल तर १,८०० फुटांपर्यंत कटअवेचा (मुख्य कॅनोपी सोडून देण्याचा) निर्णय झालाच पाहिजे.

व्हेलॉसिटीसारख्या आतून तिरपे आधार शिवलेल्या कॅनोपी फक्त स्पर्धेसाठी नियमित स्वूप करणाऱ्यांच्या. वर्षाला साठ उड्या मारणाऱ्यासाठी ते नाकापेक्षा मोती जड.

एका वेळी एकच गोष्ट बदला. १९० वरून १७० वर, १७० वरून १५० वर, १५० वरून १३५ वर या प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ दहा ते बारा टक्के घटतं. साइझ बदलली तर मॉडेल तेच ठेवा. मॉडेल बदललं तर साइझ तीच ठेवा. सेबर १७० वरून थेट क्रॉसफायर १५० वर उडी घेणारा प्रत्यक्षात दोन-तीन पायऱ्या एकदम चढत असतो.

वापरलेली घेताना

पहिली कॅनोपी वापरलेलीच बरी. लेबलवर उत्पादनाची तारीख आणि अनुक्रमांक पाहा, किती उड्या झाल्या ते विचारा, आणि पैसे देण्याआधी रिगरकडून (पॅराशूट तपासणारा तंत्रज्ञ) तपासून घ्या. रिगरला दोऱ्यांची लांबी उत्पादकाच्या ट्रिम तक्त्याशी (दोऱ्यांच्या मूळ लांबीच्या तक्त्याशी) ताडायला सांगा.

स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (कॅनोपी हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवरून सरकणारं कापड) घर्षणानं तापून आकसतात, बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. ब्रेक लाइन आखडली की टॉगल पूर्ण सोडूनही कॅनोपी थोड्या ब्रेकमध्येच उडते आणि पुढचे रायझर ओढले की उसळते. विकणारा याला 'हिचा स्वभावच असा' म्हणतो, पण हा दोऱ्यांचा दोष असतो. व्हेक्ट्रन आणि एचएमए या धाग्यांच्या दोऱ्या आकसत नाहीत, पण झिजून एकाएकी तुटतात. म्हणून त्यांच्या टोकांना आणि ब्रेकच्या फासाजवळ धाग्यांचे केस निघालेत का ते बोट फिरवून बघा. स्लायडरच्या कड्यांवरही बोट फिरवा, खरवड लागली तर तीच दोऱ्या कापते. पायलट शूटची (कॅनोपी बाहेर ओढणारं छोटं छत्र) किल लाइन, म्हणजे ते नंतर मिटवणारी दोरी, आकसली असेल तर पायलट शूट पुरतं फुगत नाही, मग कॅनोपी ओढून काढायला वेळ लागतो. कापडाचे ठिगळ, दोरी जोडलेल्या जागेची शिवण आणि मधल्या कप्प्यांचं वरचं कापड उजेडात धरून पाहा.

रिग, रिझर्व्ह आणि एएडी

कंटेनर (पाठीवरची पिशवी) एखादी साइझ खालीवर सहन करतो. त्यापलीकडे लहान कॅनोपी सैल पडते आणि बॅग उघडताना गरगरते, पीळ बसतो. मोठी कोंबली तर पिन ओढणं जड जातं. लहान कंटेनर घेताना रिझर्व्ह (राखीव कॅनोपी) किती लहान होतंय हे विचारा. रिझर्व्हखाली तुम्ही दुखावलेले किंवा अर्धवट शुद्धीत असू शकता, तेव्हा त्याचं लोडिंग मुख्य कॅनोपीपेक्षा जास्त नसावं.

एएडी म्हणजे रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. त्यातलं एक्सपर्ट सायप्रेस हे मॉडेल साधारण ७५० फुटांवर सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगानं खाली येताना रिझर्व्ह उघडतं. साध्या उतरण्यात हा वेग गाठत नाही, पण लहान कॅनोपीवरच्या मोठ्या स्वूपच्या सुरात गाठू शकतो. म्हणून स्वूप करणाऱ्यांसाठी वेगळं मॉडेल असतं. तिथवर गेलात तर एएडीही बदलावं लागेल.

पहिल्या दहा उड्या

पहिल्या दहा उड्यांसाठी विमानातून ५,००० फुटांवर बाहेर पडा आणि लगेच कॅनोपी उघडा. वर सांगितलेला सगळा सराव नव्या कॅनोपीवर पहिल्यापासून करा: सपाट वळण, स्टॉल, मागचे रायझर, रिकव्हरी आर्क. पुढचे रायझर जमिनीजवळ हातात घेऊ नका. मोकळं मैदान, मंद पण स्थिर वारा आणि सकाळची वेळ निवडा, आणि उतरताना कोणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. फ्लेअर उंच होतोय की उशिरा, एक हात आधी खाली जातोय का, हे स्वतःला हवेत कळत नाही. कॅनोपी डेमो म्हणून (वापरून पाहायला) घेतली असेल आणि दहाव्या उडीलाही उतरताना छातीत धडधडत असेल, तर ती परत पाठवा आणि एक साइझ मोठी मागवा.