पावसाळ्यात मातीची मूर्ती सुकवताना तडे जातात? माझा अनुभव

लक्षण: चिकणमातीची फूटभर गणेशमूर्ती वरून सुकलेली, बुडाशी ओली, सोंडेच्या मुळाशी आणि मानेला तडे. गोव्यात चवथीआधी हवाच इतकी दमट की नुसती ठेवून ती सुकत नाही. समोर पंखा लावला, हेअर ड्रायर फिरवला, तडे वाढले. वैताग आला. कारण साधे: वरचा थर आधी आकसतो, ओला गाभा आकसत नाही.

जमले ते असे. नखाचा ठसा उमटेल पण नख रुतणार नाही, इतकी माती घट्ट झाल्यावर मूर्ती उशीवर आडवी करून बुडाकडून तारेच्या हत्याराने पोखरली. भिंत साधारण 2 सेंमी ठेवली. लगेच सोंड, कान, बोटे यांवर ओलसर फडके आणि वर प्लास्टिक. मग दोन लाकडी पट्ट्यांवर उभी केली, म्हणजे पोकळीत खालून वारा जातो. खोली बंद, हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चालू (टाकी वेळेवर रिकामी करा, भरली की तो गुपचूप बंद पडतो), पंख्याचे तोंड भिंतीकडे. धड फिकट दिसू लागल्यावरच फडकी काढली. उरलेले बारीक तडे त्याच मातीच्या पातळ लापशीत थोडे व्हिनेगर घालून भरले. मूर्ती गालाला गार लागते तोवर आत ओल आहे. रंग लावू नका.