आधी टिकली काढा, मग ड्रायव्हर बघा

रविवारी सकाळी आठला सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, कॅमेरा गेलाय. सिअ‍ॅटलहून लेक अर्धा तास ओरडतेय, आई तू दिसत नाहीस म्हणून." गेलो. लॅपटॉप उघडला तर स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, नेमकी लेन्सवर, मरून टिकली. नातीनं सुट्टीत आली होती तेव्हा लावलेली, कुणी बघू नये म्हणून. काकूंना ते कंपनीचंच डिझाईन वाटत होतं. टिकली काढली, तरी काकू धुक्यात बसल्यासारख्या दिसत होत्या! टिकलीचा डिंक काचेवर तसाच होता. चष्म्याचं फडकं किंचित ओलं करून दोनदा पुसलं तेव्हा कुठे चेहरा उजळला.

मला हसायचा अधिकार नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, वेबकॅम बाजारात मिळेनासे झाले होते तेव्हा, मी एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप कॅमेऱ्यापायी अख्खा फॉरमॅट केला. रात्री दोनपर्यंत विंडोज टाकत बसलो. सकाळी उजेडात दिसलं, की लेन्ससमोरची बारीक सरकती झाकणी ओढलेली आहे. तेव्हापासून घरोघरी जाताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी बाहेरून, मग आत. बहुतेक वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो, कुणीतरी बंद केलेला असतो.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारतो: काळा चौकोन दिसतोय, की 'कॅमेरा सापडला नाही' असं लिहून येतंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागतोय पण चित्र काळं आहे, म्हणजे कॅमेरा जिवंत आहे आणि त्याच्यासमोर काहीतरी आलंय. सापडतच नसेल, तर बहुधा कॅमेऱ्याचं मशीनशी कनेक्शन तुटलंय. काही लॅपटॉपना कडेला कॅमेऱ्याचं बटण असतं, काहींना वरच्या एफ-रांगेत कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र असतं. कीबोर्ड पुसताना ते दाबलं जातं. एकदा दाबून बघा, नाही झालं तर फंक्शनच्या (Fn) बटणासोबत दाबा.

मग परवानगी. विंडोजचं बटण आणि आय एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडतील. तिथे प्रायव्हसीत कॅमेरा शोधा. इथे लोक वरचं एकच बटण सुरू करतात आणि खूश होतात. खाली यादीच्या शेवटी डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण असतं, आणि झूमसारखे प्रोग्रॅम त्याच्यावर अवलंबून असतात. तेही सुरू हवं. मीटिंग ब्राउझरमधून असेल तर ब्राउझरची परवानगी आणखी वेगळी. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून बघा, घाईत कधीतरी 'ब्लॉक' दाबलेलं असतं. अँटिव्हायरसमध्येही कधीकधी कॅमेऱ्याची राखण चालू असते.

एक ॲप कॅमेरा धरून बसलं की दुसऱ्याला तो मिळत नाही, असंही होतं. मीटिंगची खिडकी बंद केली तरी ॲप खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, जागं असतं. तिथून पूर्ण बंद करा. आणि ॲपमध्ये कॅमेरा कोणता निवडलाय तेही बघा. घरात कुणी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर यादीत खोटा, आभासी कॅमेरा वर येऊन बसतो, आणि तुमच्याऐवजी त्याचा लोगो दिसतो.

इतकं करून विंडोजचं स्वतःचं कॅमेरा ॲप उघडा. तिथे चेहरा दिसला तर दोष मीटिंगच्या ॲपचा. तिथेही नाही आणि एररचे शेवटचे आकडे ४२४४ असतील, तर विंडोजला कॅमेरा जोडलेलाच दिसत नाहीये. आता विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या भागांच्या यादीत, जा. कॅमेऱ्याच्या नावावर खाली बाण असेल तर राइट क्लिक करून 'इनेबल'. पिवळा त्रिकोण असेल तर 'अनइन्स्टॉल', आणि मशीन रीस्टार्ट. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, परत आपोआप बसतो. नेटवर 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळतं ते घेऊ नका. त्यानं खराब झालेली मशीनं मी जास्त दुरुस्त केली आहेत.

कर्वेनगरच्या एका गाणं शिकवणाऱ्या ताईंची तक्रार निराळी होती. सकाळी साडेसहाला परदेशातल्या मुलींचा क्लास, आणि चित्रावर आडव्या पट्ट्या वरखाली सरकायच्या. दोन कॅमेरे बदलून झाले होते. मी खोलीतली ट्यूब बंद केली, पट्ट्या गेल्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे घेणारी, आणि प्रत्येक हेलकाव्यात जुनी ट्यूब दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा मात्र अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर लावलेला होता, त्याची वेळ जुळत नव्हती. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा विंडोजच्या कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'फ्लिकर' बघा आणि ५० करा. पुढच्या क्लासपर्यंत ताईंनी तंबोरा खिडकीकडून हलवून भिंतीकडे घेतला, कारण खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो. उजेड समोरून हवा. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, म्हणून हात हलला की फराटा दिसतो.

बाहेरून लावलेला वेबकॅम अडखळत असेल तर तो हबमधून (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) काढून थेट मशीनला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. जुन्या यूएसबी २ ची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट. त्याच हबवर हार्ड डिस्क कॉपी चालू असेल तर चित्र तुटणारच.

लॅपटॉपची स्क्रीन मागेपुढे केली की चित्र येतं-जातं, असं असेल तर सॉफ्टवेअर सोडा. बिजागरीतून जाणारी वायर झिजलीय. ती बदलायला स्क्रीनची चौकट उघडावी लागते. जुना लॅपटॉप असेल तर मी सरळ पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन साधा यूएसबी वेबकॅम आणायला सांगतो. असल्या वेबकॅमना सीडी वगैरे लागत नाही, लावला की विंडोज ओळखतं. लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच लावून चेहरा बघा, आणि झाकणी असलेलाच मागा. पुन्हा टिकली लावायची वेळ येऊ नये म्हणून काकूंनाही मी तोच दिला, आणि झाकणी कशी सरकते ते त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं.