गोव्यातील संरक्षित वास्तू पाहायला निघण्यापूर्वी

घरची मंडळी, शाळेतील मुले किंवा घाटावरून आलेले पाहुणे यांना गोव्यातील ऐतिहासिक वास्तू दाखवायच्या असतील, तर गाडी ठरवण्याआधी एक काम करावे. जी ठिकाणे पाहायची आहेत, ती कोणाच्या देखरेखीखाली आहेत हे कागदावर लिहून काढावे, कारण वेळ, सुट्टीचा वार, पोशाख, छायाचित्रणाची परवानगी हे सारे त्यावरूनच ठरते. जुने गोवे येथील मुख्य चर्चेस, तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, फोंड्याची साफा मशीद, हरवळ्याची लेणी आणि आग्वादचा वरचा किल्ला ही स्मारके केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर, शापोऱ्याचा किल्ला आणि उसगाळीमळची कातळशिल्पे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे येतात, तर मंगेशी, शांतादुर्गा यांसारख्या देवालयांचा कारभार त्या त्या देवस्थान समितीकडे असतो आणि तेथे समितीचे नियम चालतात.

केंद्राकडील स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. त्यानुसार स्मारकाची हानी किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि भिंतीवर नाव कोरणे हीसुद्धा हानीच आहे, हे मुलांना घरीच समजावून सांगावे. तिवई (ट्रायपॉड) लावून चित्रण करायचे असेल, तर परवानगीसाठी खात्याकडे आधीच अर्ज करावा लागतो. ड्रोन सरळ घरी ठेवावा. संरक्षित आवारात शिदोरी उघडून जेवायला बसता येत नाही, म्हणून जेवणाची जागा बाहेर कुठे असेल हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

जुने गोवे हे ठिकाण एका धावत्या फेरीत उरकू नये, असे माझे ठाम मत आहे. पणजीहून ते सुमारे १० किलोमीटरवर असून कदंब या राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या सतत असतात. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडते. येथील वास्तुसमूह १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, मात्र त्यातील अनेक चर्चेसमध्ये आजही नित्य प्रार्थना होते. त्यामुळे रविवारची सकाळ टाळावी, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि मिसा (चर्चमधील सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबावे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, ३ डिसेंबरला असते आणि त्याआधीच्या नोव्हेनांच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांतही गर्दी लोटते. ज्यांना तो भक्तिसोहळा अनुभवायचा आहे त्यांनी तेव्हाच यावे, परंतु वास्तू निवांत पाहायची असेल तर दुसरा आठवडा निवडावा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात असलेले सर्वेक्षणाचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा शुक्रवार वगळलेला बरा.

तारखांचे एक छोटे टिपण जवळ असले की इमारती आपोआप बोलू लागतात. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून हे शहर घेतले. आदिलशाही महालाच्या दाराचा अवशेष सेंट कायतान चर्चच्या आवारात उभा आहे आणि तो आवर्जून दाखवावा. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ ला सुरू झाले, पण त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. बॉम जेझू चर्चचे बांधकाम १५९४ चे, अभिषेक १६०५ चा. त्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढल्यापासून आतला जांभ्याचा चिरा उघडा पडला आहे. जांभा पाऊस शोषून घेतो व झिजतो, म्हणून त्या भिंतींना हात लावू नये आणि टेकूनही उभे राहू नये. यानंतर बहुतेक सहली परत फिरतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण थोडे चढून गेल्यावर होली हिलवर सेंट ऑगस्टिनचे भग्न चर्च आहे आणि त्याचा ४६ मीटर उंचीचा मनोरा अर्धवट शिल्लक आहे. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, काही वर्षांतच छत कोसळले आणि १९३१ ला मनोऱ्याचा मोठा भाग पडला. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष येथेच उत्खननात सापडले होते. एखादे वैभवशाली शहर कसे ओस पडते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

सकाळी लवकर निघालेल्यांनी शक्य असल्यास जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे व बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला पोहोचावे. कदंब राजघराण्याचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर दिवाडीवर होते; पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे हलवण्यात आले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. दारावरील शिलालेख वाचता यावा म्हणून भर उजेडात पोहोचणे बरे. चर्च आणि हे मंदिर एकाच दिवशी पाहिले, तर सोळाव्या-सतराव्या शतकातील गोव्याची दोन्ही अंगे मुलांसमोर येतात.

तांबडी सुर्ल्यासाठी मात्र स्वतंत्र दिवस ठेवावा. पणजीहून ते सुमारे ६५ किलोमीटरवर, मोले परिसरातील भगवान महावीर अभयारण्यात आहे. रस्ता रानातून जातो, तेव्हा पेट्रोल फोंड्यातच भरून घ्यावे, नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात नदी भरलेली असते, पायऱ्या निसरड्या होतात व जळवांचा त्रास असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गोव्यात सर्वत्र जांभा असताना हे कदंबकालीन मंदिर काळ्या बेसॉल्टमध्ये घडवले आहे, याकडे प्रथम लक्ष वेधावे, मग मंडपातील शिरविरहित नंदी आणि खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती दाखवावा. येथे पूजाअर्चा चालते, म्हणून चपला बाहेर काढाव्यात.

फोंड्याला थांबणार असाल, तर १५६० मध्ये अली आदिलशहाने बांधलेली साफा मशीद व तिच्या लगतचे तळे पाहण्यास अर्धा तास पुरतो. नमाजाच्या वेळा टाळाव्यात. हरवळ्याच्या लेण्यांसाठी छोटी विजेरी घ्यावी.

सांगे भागातील उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जायचे असल्यास गावातील वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्यावा आणि सकाळी किंवा उतरत्या उन्हात पोहोचावे, कारण तिरप्या प्रकाशातच बैलांच्या आकृती व चक्रव्यूहासारखी वर्तुळे उठून दिसतात. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडूने गिरवणे किंवा कातळावर चपलांनी चालणे कोणालाही करू देऊ नये. सावली थोडीच असल्याने टोपी व माणशी किमान एक लिटर पाणी घ्यावे, रिकाम्या बाटल्या परत आणण्यासाठी पिशवी ठेवावी, आणि परतीचा प्रवास अंधार पडण्यापूर्वी सुरू होईल असे वेळापत्रक चालकाला आधीच सांगून ठेवावे.