आयात शुल्क वाढवायला सरकारला किती वाव आहे, हे कसं तपासायचं

‘बाहेरून स्वस्त माल येतोय, शुल्क वाढवा’ अशी मागणी झाली की सरकारला खरोखर किती हात हलवता येतील, ते कागदावर तपासता येतं.

आधी मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, काढा. पहिले 6 अंक जगभर सारखेच असतात, पुढचे देशागणिक बदलतात. वायर रॉड (गुंडाळलेल्या पोलादी सळया) 7213 मध्ये, त्यापासून बनणारे बोल्ट 7318 मध्ये. इथे चुकलात की पुढचं सगळं चुकतं.

मग दोन दर शेजारी मांडा: जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या दरपत्रकातला बांधील दर, म्हणजे कमाल मर्यादा, आणि सध्या लागू असलेला दर. बांधील 40 टक्के आणि लागू 10 टक्के असेल, तर सरकार उद्यासुद्धा 40 पर्यंत जाऊ शकतं. कोणाला विचारावं लागत नाही. दोन्ही 10 असतील तर हा रस्ता बंद. बातम्यांत बहुधा लागू दरच छापतात, म्हणून अंदाज फसतात.

वाव दिसला तरी मुक्त व्यापार करार बघाच. करारातल्या देशाला शून्य दर कबूल केला असेल, तर वाढीव शुल्क त्याला लागत नाही. मग तिसऱ्या देशाचा माल त्याच्यामार्फत शिरतो. मूळ देशाच्या दाखल्याची तपासणी ढिली असली तर हमखास.

वाव नसेल तर उरतात चौकशीचे मार्ग. डंपिंग म्हणजे परदेशी उत्पादकाने स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात माल इथे विकणं; त्याविरुद्धची अँटी-डंपिंगची चौकशी साधारण वर्षात, फार तर 18 महिन्यांत संपवावी लागते. डंपिंगचं प्रमाण 2 टक्क्यांहून कमी निघालं तर प्रकरण बंद. शुल्क लागलं तरी फेरतपासणी न झाल्यास 5 वर्षांत संपतं. सेफगार्डला, म्हणजे आयात अचानक वाढल्यास लावायच्या तात्पुरत्या संरक्षक शुल्काला, डंपिंग सिद्ध करावं लागत नाही, पण आयात वाढून देशी उद्योगाचं गंभीर नुकसान झाल्याचं किंवा होणार असल्याचं दाखवावं लागतं. सुरुवातीची मुदत फार तर 4 वर्षं.

शेवटी कच्च्या मालावरचं शुल्क पाहा. ही पायरी फार जण गाळतात. समजा, 100 च्या बोल्टमध्ये 60 चा रॉड जातो. रॉडवर 10 टक्के शुल्क लावलं की कारखानदाराचा खर्च 6 ने वाढतो. बोल्टवर 5 टक्केच शुल्क असेल, तर त्याला भाव जेमतेम 5 ने चढवता येतो. म्हणजे ‘संरक्षण’ मिळूनही नगामागे 1 चा तोटा. बोल्टचा दर किमान 6 टक्के झाल्याशिवाय तो भरून निघत नाही.