रेनफ्लोचं टूल डाउनलोड करायच्या आधी

सायकल काउंटिंगला, म्हणजे पार्टवरचा ताण किती वेळा आणि किती वर-खाली झाला ते मोजायला (रेनफ्लो ही त्याचीच पद्धत), कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली पोरं विचारतात, मी उलट विचारतो, फाइल केवढीये ते सांग आधी. लासलगावला कांदा नेणाऱ्या ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) लावून आम्ही ५०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५०० ओळी, डेटा घेतला आणि मी शहाण्यासारखी ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, एक्सेलला ओळी मावतात १०,४८,५७६ म्हणजे जेमतेम ३५ मिनिटं, पुढचा सगळा खड्ड्यांचा रस्ता गायब, आणि खरी मजा तर तिथेच होती. तेव्हा मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवा, मग स्पाइक (एकदम उसळलेला खोटा आकडा) आणि ड्रिफ्ट (हळूहळू सरकत गेलेलं शून्य) काढा, सुटलेल्या वायरचा एक स्पाइकसुद्धा मोठी सायकल म्हणून मोजला जातो.

आता टूल. मॅटलॅब असेल तर सिग्नल प्रोसेसिंग टूलबॉक्सचं लायसन्स आहे का बघा, रेनफ्लो फंक्शन त्यात आहे. पैसे नसतील तर पायथॉनमध्ये रेनफ्लो, फॅटपॅक, नाहीतर पायलाइफ, हे शेवटचं बॉशचं, हो, आपल्या सातपूरला प्लांट आहे तीच बॉश. फुकट आहे म्हणून कच्चं असं काही नाही.

पण कुठलंही घ्या, आधी एएसटीएम ई १०४९ या सायकल मोजायच्या स्टँडर्डमधले नऊ आकडे त्यात घाला: -२, १, -३, ५, -१, ३, -४, ४, -२. रेंज (वरच्या-खालच्या टोकातला फरक) ३ ला अर्धी सायकल, ४ ला दीड, ६ ला अर्धी, ८ ला एक, ९ ला अर्धी, एकूण ४ यायला पाहिजे. वेगळं आलं तर लगेच टूलला शिव्या घालू नका, शेवटी उरलेले, न मिटलेले तुकडे कोणी अर्धे धरतं, कोणी जोडून पूर्ण करतं, कोणी चक्क टाकून देतं, हेल्प वाचून सेटिंग शोधा आणि रिपोर्टमध्ये लिहा. टाकून देणारं नकोच, सगळ्यात मोठी रेंज बहुतेक त्या उरलेल्यातच असते, वरच्या आकड्यांत ती ९ बघा ना.

युनिट पण तपासा, मायक्रोस्ट्रेन (धातू किती ताणला) की मेगापास्कल (त्यातला स्ट्रेस). एस-एन कर्व्हचा (किती स्ट्रेसला किती सायकलींनी पार्ट तुटतो त्या आलेखाचा) घातांक ५ असेल तर स्ट्रेस १० टक्के जास्त धरला की डॅमेज ६१ टक्क्यांनी वाढतं. आणि रेंजबरोबर मीन (सायकलच्या दोन टोकांची सरासरी) देणारंच टूल बघा, जाताना ट्रॉली भरलेली, येताना रिकामी, मीन नसेल तर गुडमन करेक्शन (मीनचा परिणाम हिशेबात धरायची दुरुस्ती) लावणार कशाला?