खरा वाटणारा युद्धपट कसा निवडावा आणि कसा सुचवावा

"एखादा खराखुरा युद्धपट सुचव" असं कुणी म्हटलं की आपण तीन-चार ठरलेली नावं सांगून मोकळे होतो. पाहणारा तासाभरात बंद करतो आणि पुन्हा विचारत नाही. याचं कारण बहुतेक वेळा चित्रपटात नसतं. 'खरं' या शब्दाखाली चार वेगवेगळ्या मागण्या असतात. कुणाला बंदुका, गणवेश, रणगाडे अचूक हवे असतात. कुणाला चकमकीतला गोंधळ आणि भीती जवळून पाहायची असते. कुणाला घटना जशी घडली तशीच हवी असते. आणि कुणाला युद्ध माणसाचं काय करतं ते बघायचं असतं. या चारही गोष्टी एका चित्रपटात क्वचितच येतात.

म्हणून नाव सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: आधी पाहिलेल्या कोणत्या युद्धपटात काय पटलं नाही? "काय आवडतं" यापेक्षा या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. "नायकाला गोळी लागतच नाही" म्हणणाऱ्याला परिणाम दाखवणारा चित्रपट द्या. "शत्रू सगळे मूर्ख दाखवलेत" म्हणणाऱ्याला दुसऱ्या बाजूने सांगितलेला द्या. "तो रणगाडा त्या काळातला नव्हताच" असं म्हणणाऱ्याला मात्र जपून सुचवावं लागतं, कारण त्याची नजर पहिल्याच दृश्यात चूक पकडते.

आधी स्वतः पारखून घ्या

चित्रपट खात्रीचा आहे की नाही हे पाहायला मधली एक चकमक निवडा. पहिल्या आणि शेवटच्या दृश्यावर सगळेच मेहनत घेतात, मधलं दृश्य खरं बोलतं. डोळ्यांआधी कानांनी पारखा. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे जिच्यावर गोळीबार होतोय त्या तुकडीला आधी गोळी जवळून गेल्याचा कडक 'टक्' ऐकू येतो आणि बंदुकीचा धप्प आवाज मागाहून येतो. तीनशे मीटरवरून झाडलेल्या गोळीत हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदाचं असतं. ज्या दिग्दर्शकाने एवढं सांभाळलं, त्याने बाकीचंही बरंच सांभाळलेलं असतं.

मग स्फोट पाहा. हातबॉम्ब किंवा तोफगोळा फुटला की क्षणभर लखकन चमकतं आणि करडी-काळी धूळ, माती, ढेकळं उडतात. नारिंगी ज्वाळांचा मोठा गोळा दिसला तर तो पेट्रोलचा, म्हणजे खास पडद्यासाठी केलेला. गोळ्यांचाही हिशोब ठेवा. एके-४७ मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते आणि मॅगझिन ३० गोळ्यांचं असतं, म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत ते रिकामं होतं. पात्रं दोन-तीन गोळ्यांच्या छोट्या फैरी झाडतात का, मॅगझिन बदलतात का, बदलताना शेजाऱ्याला ओरडून सांगतात का, हे पाहा. गोळी लागलेला माणूस मागे फेकला जात असेल तर ते खोटं. तो बहुधा जागच्या जागी कोसळतो, कधीकधी लागलंय हेही त्याला लगेच कळत नाही.

एक खूण सगळ्यात उपयोगी: शत्रू किती दिसतो? आधुनिक चकमकीत समोरचा माणूस बहुतेक वेळ दिसतच नाही. दिसते ती खिडकी, झाडांची रांग, धूळ. बराचसा गोळीबार शत्रूने डोकं वर काढू नये एवढ्यासाठीच असतो. ज्या चित्रपटात प्रत्येक गोळीमागे एक माणूस पडताना दिसतो, तो करमणुकीचा आहे असं खुशाल सांगा. एका बाबतीत मात्र सूट द्यावी. प्रत्यक्षात सैनिक एकमेकांपासून बरंच अंतर राखून चालतात, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत मावावेत म्हणून जवळजवळ सगळेच दिग्दर्शक त्यांना गोळा करतात. त्यावरून चित्रपट बाद करायचा ठरवलं तर सुचवायला काही उरणार नाही.

कुणाला काय सुचवावं

अगदी नवख्याला 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) ठीक आहे, पण नेमकं काय पाहायचं तेही सांगा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर झालेल्या सुरुवातीच्या लढाईत पार्श्वसंगीत नाही. छायाचित्रकार यानुश कामिन्स्कीने कॅमेऱ्याचं शटर नेहमीच्या १८० अंशांऐवजी ९० आणि ४५ अंशांवर ठेवलं. ४५ अंशांवर प्रत्येक फ्रेम नेहमीच्या एक चतुर्थांश वेळच उघडी राहते, त्यामुळे उडणारी वाळू पुसट न होता कण कण सुटा दिसतो आणि हालचाल तुटक, अस्वस्थ करणारी होते. उणीही सांगा: तासन्‌तास चाललेली लढाई इथे पंचवीसेक मिनिटांत बसवली आहे. पाण्याखाली खोलवर गोळ्या लागून सैनिक मरतात ते पटणारं नाही, कारण रायफलची गोळी पाण्यात काही फुटांतच वेग गमावते. किनाऱ्यानंतरची कथा कल्पित आहे.

ज्याला गोंधळ हवा त्याच्यासाठी 'वॉरफेअर' (२०२५) हे माझ्या मते आजचं सगळ्यात नेमकं उत्तर. नोव्हेंबर २००६ मध्ये इराकमधल्या रमादी शहरात एका घरात अडकलेली अमेरिकी नौदलाची विशेष तुकडी, एवढाच विषय. सहदिग्दर्शक रे मेंडोझा स्वतः त्या तुकडीत होता. सुरुवातीचा बराच वेळ काहीच होत नाही. भिंतीच्या भोकातून रस्त्यावर नजर ठेवणं आणि वायरलेसवरचं सपाट बोलणं. मग स्फोट होतो आणि जखमींचं ओरडणं थांबतच नाही. इतर चित्रपटांत जखमी माणूस दोन वाक्यं बोलून शांत होतो. इथे त्याला ओढत नेताना, रक्त थांबवायला पट्टा आवळताना, वायरलेसवर बोलणं चालू असताना तो ओरडतच राहतो आणि बाकीच्यांना त्या आवाजातच काम करावं लागतं. सुचवताना आधीच सांगा की पात्रांची ओळख, त्यांचं घर, त्यांचं पूर्वायुष्य यातलं काहीही मिळणार नाही. हे ठाऊक नसेल तर "कथाच नाही" अशी तक्रार ठरलेली.

'ब्लॅक हॉक डाऊन' (२००१) ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ च्या, सोमालियाची राजधानी मोगादिशूतल्या लढाईवर आहे. रस्ते चुकणारा ताफा, कानाजवळ मशिनगन चालल्याने बहिरा झालेला सैनिक, वरून दिसणारं आणि खालून दिसणारं शहर यांतला फरक, हे सगळं भक्कम. सोमाली बाजू मात्र जवळपास चेहरा नसलेली गर्दी आहे. ज्याला दोन्ही बाजू हव्यात त्याला हा देऊ नका, त्याला 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६) द्या. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा हा चित्रपट अल्जियर्समध्येच चित्रित झाला. बहुतेक कलाकार व्यावसायिक नट नाहीत आणि त्या लढ्यातला एक नेता सादी यासेफ स्वतः त्यात काम करतो. बॉम्ब ठेवणारे आणि यातना देणारे, दोघांचीही पद्धत तो थंडपणे दाखवतो.

एका चित्रपटाचं नाव फार कमी लोक घेतात याचं वाईट वाटतं: 'कजाकी' (२०१४). काही ठिकाणी तो 'किलो टू ब्राव्हो' या नावाने मिळतो, तेही सांगून ठेवा. ६ सप्टेंबर २००६ ला अफगाणिस्तानातल्या कजाकी धरणाजवळ ब्रिटिश पॅराट्रूपर्सची एक तुकडी सोव्हिएत काळातल्या भूसुरुंगांच्या पट्ट्यात अडकली. चकमक जवळजवळ नाहीच. एकाचा पाय सुरुंगावर पडतो, मदतीला येणाऱ्याचा दुसऱ्यावर, आणि मग दगड-मातीचा प्रत्येक वीतभर तुकडा संशयास्पद होतो. डॉक्टरी काम करणारा सैनिक जखमीकडे पोहोचण्यासाठी आपली पाठीवरची भलीमोठी पिशवी पुढे फेकतो. सुरुंग असेल तर तो तिच्याखाली फुटावा म्हणून. मग तिच्यावर उडी मारतो, ती उचलतो, पुन्हा फेकतो. सुटकेसाठी आलेल्या चिनूक हेलिकॉप्टरला माणूस वर ओढून घेणारं यंत्रच नाही, आणि ते उतरणार कुठे? युद्धात साधनाची एक चूक कशी माणसांच्या जिवावर येते हे इतकं साधेपणाने क्वचितच कुणी दाखवलंय.

पाणबुडीसाठी 'दास बूट' (१९८१) सोडून दुसरीकडे वळायचं कारण नाही, फक्त कोणती आवृत्ती ते लिहून द्या. मूळ चित्रपटगृहातली अडीच तासांची आहे, १९९७ ची दिग्दर्शकाची आवृत्ती जवळपास साडेतीन तासांची आणि दूरचित्रवाणीवरची पाच तासांच्या घरात. साडेतीन तासांची सुचवा. कंटाळा हा या चित्रपटाचा विषयच आहे. तो कापला की पुढच्या डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाणबुडीवर वरून टाकलेल्या बॉम्बच्या, हल्ल्याची धार जाते. इंग्रजी डबिंग बऱ्याचशा मूळ नटांनीच केलंय, तरी जर्मन आवाज आणि सबटायटल्सच घ्यायला सांगा. कुजबुजीतल्या आज्ञा मूळ भाषेतच अंगावर येतात.

रणगाड्याच्या आतलं जग हवं असेल तर 'लेबनॉन' (२००९). दिग्दर्शक सॅम्युएल माओझ १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्याचा तोफची होता. चित्रपट जवळजवळ पूर्ण आत घडतो आणि बाहेरचं जग तोफेच्या दुर्बिणीतूनच दिसतं. 'फ्यूरी' (२०१४) अर्धा सुचवण्यासारखा आहे. त्यात इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला खरा टायगर रणगाडा वापरलाय आणि अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या आतली कामाची विभागणीही चोख दाखवलीय. पण अखेरीस एक निकामी रणगाडा शेकडो सैनिकांना रोखून धरतो, आणि त्या सैनिकांकडे रणगाडाविरोधी शस्त्रं असूनही ती उशिरापर्यंत वापरली जात नाहीत. शस्त्रप्रेमीला हे आधी सांगितलं तर तो बाकीचा चित्रपट मनापासून पाहतो. 'द हर्ट लॉकर' (२००८) चंही तसंच. वाळवंटातल्या स्नायपर-लढतीत रक्ताने चिकटलेली काडतुसं थुंकीने पुसून भरावी लागतात, ते दृश्य अस्सल. बॉम्ब निकामी करणारी तीन माणसं शहरात एकटीच फिरतात, ते मात्र नाही.

माहितीपट चालत असेल तर 'रेस्ट्रेपो' (२०१०) सगळ्यात आधी द्या. अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यातली एक चौकी, निवेदक नाही, संदेश नाही. मालिका चालत असेल तर सात भागांची 'जनरेशन किल' (२००८) घ्या.

'कम अँड सी' (१९८५) वेगळा ठेवा. १९४३ मधला बेलारूस एका पोराच्या डोळ्यांतून. बॉम्बहल्ल्यानंतर त्याला ऐकू येईनासं होतं आणि प्रेक्षकाच्याही कानात तोच गुणगुणता बधिरपणा बराच वेळ राहतो. शेवटी येणारी पाटी सांगते की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. हा चित्रपट सहज म्हणून कुणाला सुचवू नये. रात्री उशिरा नको, इतर तीन-चार चित्रपटांच्या यादीत कोंबून नको, आणि पाहणाऱ्याला गावजाळीच्या लांब प्रसंगाची कल्पना दिल्याशिवाय तर नकोच.

"सत्य घटनेवर आधारित" या ओळीचं काय करायचं

त्या ओळीवर विसंबून शिफारस करू नका. मृतांचा आकडा तपासा. चित्रपट सगळ्यात जास्त फेरफार तिथेच करतात. रशियन 'नाइन्थ कंपनी' (२००५) मध्ये टेकडीवरच्या तुकडीतला एकच जण वाचतो. जानेवारी १९८८ मध्ये अफगाणिस्तानातल्या ३२३४ क्रमांकाच्या टेकडीवर प्रत्यक्षात ३९ जण होते आणि त्यांतले सहा मारले गेले. 'बॉर्डर' (१९९७) मध्ये भैरोसिंगला वीरमरण येतं. खरे भैरोसिंग राठोड लोंगेवालाच्या लढाईनंतर २०२२ पर्यंत हयात होते. हे चित्रपट पाहूच नयेत असं नाही. पण इतिहास हवा असणाऱ्याला ते देताना हा फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर पडद्यावरचा आकडाच त्याच्या डोक्यात बसतो.

पाहताना काय बिघडतं

चांगली शिफारस टीव्हीच्या सेटिंगमुळे वाया जाते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बऱ्याच टीव्हींवर सुरूच असते. ती मधल्या फ्रेम बनवून घालते आणि ओमाहा किनारा मालिकेच्या सेटसारखा दिसू लागतो. ती बंद करायला सांगा. आवाज समतल करणारा रात्रीचा मोडही बंद हवा, कारण तो कुजबुज मोठी आणि स्फोट लहान करतो, आणि युद्धपटाचा अर्धा जीव त्या फरकात असतो. शेजाऱ्यांमुळे आवाज वाढवता येत नसेल तर हेडफोन लावावेत. मोबाइलच्या स्पीकरवर गोळीचा 'टक्' आणि बंदुकीचा धप्प वेगळे ऐकूच येत नाहीत.

समोरचा माणूस स्वतः सैन्यात होता किंवा युद्धाच्या प्रदेशातून आला असेल तर आपण होऊन काही सुचवू नका. विचारलं तर चित्रपटातला आवाज कसा आहे, जखमा किती जवळून दाखवल्यात, लहान मुलांवरचे प्रसंग आहेत का, हे आधी सांगा आणि ठरवणं त्याच्यावर सोडा.

बाकी कुणालाही पाठवताना चार गोष्टी पुरतात: नाव आणि वर्ष, कोणती आवृत्ती व भाषा, काय अचूक आहे, काय नाही. उदाहरणार्थ: "'हॅम्बर्गर हिल', १९८७. मे १९६९, व्हिएतनाम, एकाच टेकडीवर दहा दिवस पुन्हा पुन्हा चढाई. चिखल, थकवा आणि तुकडीतली भांडणं अगदी खरी. सुरुवातीला चेहरे ओळखायला वेळ लागेल, अर्धा तास धीर धर. हेडफोन लाव."